अण्णाराव कंट्रोलरचा फोन

अण्णाराव अहमदपूरच्या बसस्थानकात वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर आपण एकच काम केलं, असं ते स्वतःच सांगतात. माईक तोंडाशी धरायचा आणि लोकांना समोर दिसतंय तेच मोठ्यानं ऐकवायचं. गाडी फलाटावर उभी असायची, माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत असायची आणि अण्णाराव सांगायचे, गाडी फलाटावर लागलेली आहे. निवृत्त झाले तेव्हा माईक तिथंच राहिला, आवाज मात्र घरी आला. कुकरची शिट्टी झाली की ओसरीवरून पुकारा व्हायचा, "शिट्टी झालेली आहे, गॅस बारीक करावा." तुळजाबाईंनी म्हणजे त्यांच्या बायकोनं पहिले काही महिने हे हसून घेतलं. मग त्या दुपारच्या शेजारी जाऊन बसायला लागल्या.

त्याच सुमाराला अण्णारावांना फोन यायला लागले. प्लॉट घ्या, विमा घ्या, कर्ज घ्या, गुडघ्याचं तेल घ्या. अण्णाराव प्रत्येकाशी बोलायचे, कारण बोलायला माणूस पाहिजेच होता. पण एकदा एका अनोळखी नंबरवरून फोन आला, तुमची लाईट संध्याकाळी तोडणार, आत्ताच्या आत्ता लिंक दाबा. हयातभर दुसऱ्यांना 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी' म्हणून बजावणारा हा माणूस असा गडबडला, की आधी त्यानं फ्रीज बंद केला, मग मोटार लावून होती नव्हती तेवढी भांडी भरून ठेवली आणि मग चष्मा लावून लिंक शोधायला बसला. नशीब, की लेक वर्षाराणी नांदेडहून सुट्टीला आलेली होती. ती बँकेत नोकरीला. तिनं वडलांच्या हातातला फोन हिसकावूनच घेतला.

"अण्णा! लाईटवाले असा फोन करतेत व्हय?"

"आवाज सरकारी होता गं," अण्णाराव म्हणाले.

वर्षाराणीनं त्यांच्या फोनमध्ये नंबर ओळखायचं ॲप टाकून दिलं. आता अनोळखी माणसाचा फोन आला की त्याचं नाव दिसायचं आणि लई लोकांनी तक्रार केलेला नंबर असला की अख्खा पडदा लाल व्हायचा. "लाल दिसलं की उचलायचंच न्हाई," एवढंच सांगून ती नांदेडला गेली. तिला बिचारीला काय ठाऊक, आपण घरात काय सोडून चाललोत ते.

आठवड्याभरात अण्णाराव तालुक्यातले फोनतज्ज्ञ झाले. निदान त्यांची तशी समजूत झाली. मोंढ्याजवळच्या हॉटेलात बसून ते लोकांचे मिस्ड कॉल तपासून द्यायचे. लाल नंबर उचलायचा नाही हा नियम त्यांनी जगाला सांगितला आणि स्वतः मात्र प्रत्येक लाल नंबर उचलला. समोरचा बोलायला लागला की हे आवाज लावायचे, "अहमदपूरहून नांदेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. मार्गे लोहा. प्रवाशांनी घाई करू नये." समोरच्यानं फोन आपटला की अण्णारावांना असं वाटायचं, आज देशाची थोडी सेवा झाली.

एवढ्यावर भागलं असतं. पण धोका आपल्याला कळला आणि नातेवाइकांना कळला नाही, तर उपयोग काय? म्हणून रोज सकाळी चहा झाला की अण्णाराव फोन घेऊन बसायचे. कंधारचा मेहुणा दगडोबा, त्याचा पोरगा बजरंग, नांदेडची वर्षाराणी, झाडून सगळ्यांना फोन. "आजचा धोक्याचा नंबर लिहून घ्या." नंबर एकदा सांगायचे, मग परत एकदा, कारण माईकवर दोनदा सांगायची सवय. मग फसवणुकीचा नवा प्रकार सविस्तर. वर्षाराणी मधेच म्हणायची, "अण्णा, ऐका ना, मी इकडं…" आणि अण्णाराव म्हणायचे, "आधी लिहून घे, मग सांग." नंबर संपेपर्यंत तिची बँकेत जायची वेळ व्हायची. 'कंधार अहमदपूर परिवार' नावाच्या व्हॉट्सॲप गटावर ते दिवसाकाठी चार-पाच इशारे टाकायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर लिहायचे, 'तातडीचे'.

अशात दगडोबाच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न ठरलं. नवरदेव निलंग्याचा. दोन्हीकडच्यांना सोयीचं म्हणून लातूरचं मंगल कार्यालय धरलं होतं. नवरीच्या आत्याचा नवरा, पोरं त्यांना मामाच म्हणायची, म्हणजे मान मोठा. अण्णाराव फेटा बांधून सकाळपासून दारात उभे होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हात धरून आत न्यायचे आणि पंख्याखाली बसवेपर्यंत त्याला पार्सलच्या फसवणुकीची माहिती द्यायचे. पाहुणे मान डोलवत पंखा बदलायचे.

अक्षता पडायला थोडा अवकाश असताना अण्णारावांचा फोन वाजला. पडदा लालभडक. अण्णारावांचं मन असं फुललं, की नवरदेवाचंही त्या दिवशी फुललं नसेल.

"तुमचं पार्सल पकडण्यात आलेलं आहे," पलीकडून दमदार आवाज आला. "त्यात बेकायदेशीर सामान सापडलंय."

"साहेब, एक मिनिट, इथं बँड वाजालाय," अण्णाराव शक्य तेवढ्या घाबऱ्या आवाजात म्हणाले आणि शांत जागा शोधत जिना चढले. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात गाद्या ठेवायची खोली होती, दार उघडं. आत छतापर्यंत गाद्या आणि उशांच्या थप्प्या. आवाज दबलेला, जागा झकास. अण्णारावांनी दार लोटून घेतलं आणि गादीवर बैठक मारली. त्यांनी त्या साहेबाला आधी खूप रडून दाखवलं, मग हळूच विचारलं, "पार्सल कुठल्या गाडीनं आलं, साहेब?" आणि तो काही बोलायच्या आत लातूर आगाराचं अख्खं वेळापत्रक, थांब्यांसकट. साहेबानं हिंदीतून एक सणसणीत शिवी दिली आणि फोन बंद केला.

अण्णाराव एकटेच खदाखदा हसले. अंगावरचा कापूस झटकत उठले, दार ओढलं. दार उघडेना.

आधी त्यांना वाटलं, अडकलं असेल. मग कळलं, की कुणीतरी बाहेरून कडी घातली होती. कार्यालयाचा व्यवस्थापक मलप्पा दर लग्नात अक्षतांच्या आधी वरच्या खोल्या बंद करत फिरायचा, पोरं गाद्यांवर उड्या मारतात म्हणून. ते नंतर समजलं. त्या क्षणी अण्णारावांनी दार बडवलं, हाका मारल्या, पण खाली बँडवाल्यांना निलंगेकरांनी खास फर्माईश केलेली होती. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येईना, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

खोलीला एक गजाची खिडकी होती. तिच्यातून खालचा मांडव अख्खा दिसत होता. अण्णाराव म्हणाले, घाबरायचं काय कारण? खिशात फोन आहे, खाली शंभर नातेवाईक आहेत. त्यांनी पहिला फोन दगडोबाला लावला.

दगडोबा मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं कुर्त्याच्या खिशातून फोन काढला, लांब धरून नाव वाचलं आणि परत खिशात ठेवला. लेकीचं लग्न, माणूस कामात, अण्णारावांनी समजून घेतलं. त्यांनी बजरंगला लावला. बजरंगनं फोन बघितला आणि शेजारच्या पोराला दाखवला. दोघं हसले. फोन खिशात.

मग वर्षाराणी. ती मैत्रिणींमध्ये खुर्चीवर बसली होती, फोन हातातच होता. अण्णारावांना वरून स्पष्ट दिसलं. तिनं पडद्याकडं बघितलं, डोळे क्षणभर मिटले आणि फोन मांडीवर पालथा घातला. वाजू दिला, पण उचलला नाही.

अण्णारावांनी खिडकीचा गज घट्ट धरला. मग त्यांनी शेवटचा हक्काचा नंबर लावला. तुळजाबाईंनी कमरेची पिशवी उघडली, फोन काढला, शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाल्या आणि पिशवीची चेन लावली. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. पण चाळीस वर्षांचा संसार असल्यामुळं ऐकू यायची गरज नव्हती.

त्या खिडकीतून अण्णारावांनी एकामागून एक माणूस बघितला. साडू, भाचे, गावचे पुढारी. ज्याला फोन लावावा तो खिशात हात घालायचा, बघायचा आणि हात रिकामा बाहेर काढायचा. सगळ्यांचा चेहरा एकच. तो चेहरा अण्णारावांच्या ओळखीचा होता. लाल पडदा दिसल्यावर मोंढ्याजवळच्या हॉटेलातली माणसं करायची तोच. आणखी एक गोष्ट वरून फार नीट दिसत होती. दारात कंट्रोलर साहेब नाहीत, हे कुणाच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. उलट पाहुणे सरळ आत येऊन हव्या त्या पंख्याखाली बसत होते आणि एकंदर लग्न जरा निवांत चाललं होतं.

"वा रे कंट्रोलर," अण्णाराव स्वतःलाच म्हणाले. "ॲप दुसऱ्याचं नाव दाखवतंय, तुझं कोण दाखवणार?"

पण आधी बाहेर पडणं महत्त्वाचं होतं. त्यांनी परिवाराच्या गटावर संदेश टाकला, 'तातडीचे. मी अडकलो आहे. कृपया लगेच मदत करावी. अण्णाराव.' टाकला आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. खाली चार-दोन फोन चमकले. बजरंगनं भराभर काहीतरी लिहिलं. अण्णारावांचा फोन टुणकला. बजरंगचं उत्तर होतं, 'सावधान. मामाचा नंबर हॅक झालेला हाय. अडकलोय, मदत करा असे मेसेज करून लोक फसवतात, हे मामानीच आपल्याला शिकवलंय. कोणी उत्तर देऊ नये.'

त्याखाली अंगठे यायला लागले. दगडोबाचा अंगठा. साडूचा अंगठा. वर्षाराणीचा नव्हता, पण अण्णारावांना त्यावर आनंद मानायला वेळ मिळाला नाही, कारण पाठोपाठ सूचना आली, की बजरंगनं त्यांना गटातून काढून टाकलेलं आहे.

अण्णाराव गादीवर बसले. राग यायला पाहिजे होता, पण पोरगं सांगितलं तसंच वागलं होतं. एवढा चांगला विद्यार्थी त्यांना हयातीत दुसरा मिळालेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर, पडदा लाल. अण्णारावांनी पहिल्या घंटीला उचलला.

"नमस्कार सर, मी अयोध्या बोलतेय. रिंग रोडला आमचा प्लॉटिंगचा…"

"बाई, फोन ठेवू नगा! मी कोंडलोय. लातुरात, मंगल कार्यालयात, गाद्याच्या खोलीत."

 मग ती पोरगी थकल्या आवाजात म्हणाली, "सर, अशी गंमत रोज लई जण करतेत. न्हाई घ्यायचा तर न्हाई म्हणावं. एक जण तर अख्खं एसटीचं वेळापत्रक…" ती थांबली. "थांबा. तुम्ही तेच ना? फलाट क्रमांक दोन?"

अण्णारावांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "व्हय," ते म्हणाले.

"तुमच्या नंबरापुढं आमच्या हिथं लाल खूण हाय. कोणीच लावायला तयार नसतंय. आज चुकून माझ्या वाट्याला आलाव."

म्हणजे घरच्यांनी तर टाकलंच होतं, पण ज्यांना दुनिया टाकते त्यांनीही अण्णारावांना टाकलं होतं. हे ऐकून ते हसावं का रडावं या विचारात पडले आणि शेवटी हसले, तेही अगदी मनापासून. ते हसणं ऐकून त्या पोरीला पटलं असावं.

"खरंच कोंडलाव व्हय काका?" आता ती सर म्हणत नव्हती. "घरच्यांना फोन करा की."

"ते उचलंनात."

"का?"

"माझा हाय म्हणून."

अयोध्या नांदेडच्या एका कचेरीत बसून बोलत होती आणि तिचं गाव कंधारकडचं होतं. तिथं मशीनच नंबर लावतं, पण ती म्हणाली, "मॅडम जेवायला गेल्यात, माझ्या मोबाईलवरून लावते. नंबर सांगा." अण्णारावांनी तुळजाबाईंचा नंबर सांगितला. सवयीनं दोनदा सांगितला आणि खिडकीला डोळे लावले.

तुळजाबाईंनी पिशवीतून फोन काढला. बघितला. अनोळखी नंबर दिसल्याबरोबर त्यांनी मान ताठ केली, शेजारच्या बाईला पडदा दाखवला आणि आपण किती हुशार, अशा थाटात बोटानं फोन कापला. अयोध्यानं परत लावला. तुळजाबाईंनी या खेपेला फोनवर बराच वेळ बोटं फिरवली. नंबर ब्लॉक कसा करायचा हे अण्णारावांनी त्यांना आठवडाभर घटवून घेतलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा बरोबर जमलं.

"काका, लागतच न्हाई आता," अयोध्या म्हणाली.

"लागणार न्हाई. लई चांगली शिकलीय."

"मग ओरडा की. एवढा दांडगा आवाज हाय तुमचा. आमच्या सुपरवायझरच्या कानाला दडे बसलते त्या दिवशी. तुम्हाला फोन कशाला पाहिजे?"

 ही गोष्ट अण्णारावांना सुचलीच नव्हती असं नाही. पण बँडपुढं आपण हरतो, हे एकदा बघितल्यावर त्यांनी हत्यार टाकलं होतं. आता त्यांनी कान दिला. बँड थांबला होता. मंगलाष्टका सुरू झाल्या होत्या. भटजी माईकवर होते, कडव्याच्या शेवटी 'सावधान' म्हटलं की ताशा कडाडत होता. पण 'सावधान' आणि ताशा यांच्यामध्ये एक फट होती. गाडी सुटल्यावर आणि दुसरी लागायच्या आधी स्थानकात असते, तेवढीच. त्या फटीत आवाज घालण्यात अण्णारावांची हयात गेली होती.

त्यांनी अयोध्याला "धरून ठेवा" म्हटलं, फोन उशीवर ठेवला, गज दोन्ही हातांनी धरले आणि छाती भरून घेतली. खाली भटजी म्हणाले, "शुभमंगल सावधान…"

"प्रवाशांनी लक्ष द्यावे!"

तो आवाज पत्र्यावर आपटून मांडवभर फिरला. शंभर माना एकदम वर झाल्या. ताशेवाल्याची काडी हवेत राहिली. अर्ध्या लोकांना वाटलं, हेच शेवटचं सावधान, आणि त्यांनी मूठमूठ अक्षता टाकून दिल्या. आंतरपाट धरणारे दोघं वर बघायच्या नादात सैल झाले आणि पाट कडवं शिल्लक असतानाच खाली आला. सृष्टी आणि नवरदेव समोरासमोर. सृष्टीला मामाचा आवाज ओळखू आला आणि ती तोंडावर हार धरून फिसकन हसली. तिचं बघून नवरदेवही हसला.

"नवरीचे मामा वरच्या मजल्यावर, गाद्यांच्या खोलीत, अडकून पडलेले आहेत," अण्णाराव गजांतून सांगत होते. "व्यवस्थापकांनी कडी काढावी. परत एकदा सांगण्यात येत आहे…"

परत एकदा सांगायची गरज नव्हती. मलप्पा केव्हाच जिन्याकडं पळाला होता. तो कडी काढेपर्यंत अण्णारावांनी फोन कानाला लावला.

"ऐकलं काका," अयोध्या पलीकडं हसून बेजार झाली होती. "जावा, अक्षता टाका. प्लॉट पाहिजे असला तर सांगा."

"न्हाई पाहिजे, पोरी. पण फोन केलास, लई बरं झालं," अण्णाराव म्हणाले. एका लाल नंबराला आपण हे वाक्य म्हणतोय, हे त्यांच्या ध्यानात म्हटल्यावर आलं.

खाली मात्र पेच पडला होता. नवरदेवाचे चुलते वीरण्णा भटजींना विचारत होते, पाट आधी पडला तर आता काय करायचं, आणि भटजींना तरी असा प्रसंग कुठं माहीत? दगडोबाचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या नवरदेवाच्या आजी मनकर्णाबाई काठी आपटून म्हणाल्या, "पडला तर पडला. धरा परत. पोरगी हसत उभी ऱ्हायलीय, अजून काय पाहिजे तुमाला?" मग पाट परत धरला गेला, राहिलेलं कडवं झालं आणि ज्यांच्या अक्षता आधीच संपल्या होत्या त्यांनी शेजाऱ्याकडून चिमूटभर मागून घेतल्या. अण्णाराव फेट्यात कापूस घेऊन मागच्या रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांच्या शेवटी, गुमान, अक्षता टाकल्या.

जेवणाच्या पंगतीत बजरंग वाढायला आला तो मान खाली घालून. "मामा, मला खरंच वाटलं हॅक झालाव. तुम्हाला गटात घेतलंय परत."

"बरोबर केलंस तू. ते जाऊ दे," अण्णाराव म्हणाले. "माझं नाव फोनात काय म्हणून ठेवलंयस, ते दाखव."

बजरंगनं आढेवेढे घेतले. शेवटी दाखवलं. 'मामा उचलू नको.' शेजारी बसलेल्या साडूच्या फोनात 'अण्णाराव चार्जिंग बघून' असं होतं. दगडोबा साधा माणूस, त्याच्याकडं नुसतंच 'दाजी' होतं. पण त्या नावाची घंटी बंद करून त्यानं नुसती थरथर ठेवली होती. पंगतभर हशा पिकला. अण्णारावही हसले, जिलेबी मोडली, पण तोंडात टाकायला जरा वेळ लावला. पंगतीच्या टोकाला वर्षाराणी बसली होती. ती हसत नव्हती. तिचा फोन बघायचं अण्णारावांना धाडस झालं नाही.

परतीच्या गाडीत तुळजाबाई खिडकीशी बसल्या होत्या. शिरूर ताजबंद मागं पडलं.

"तू तरी उचलायचा," अण्णाराव शेवटी म्हणाले.

"मला वाटलं नंबरच सांगायला करालाव."

"कोंडलो होतो मी."

"मला काय म्हाईत? आजवर तुमचा फोन आला अन् तुम्ही काही विचारलं असं झालंय का कधी?" तुळजाबाई रागात नव्हत्या, हवापाणी सांगावं तशा सांगत होत्या. "लेक दिवाळीपासून काहीतरी सांगायला बघालीय तुम्हाला. मला ठाऊक हाय. मी सांगणार न्हाई. तुम्हीच विचारा."

वाहक तिकिटं फाडत जवळ आला. त्यानं कंट्रोलर साहेबांना ओळखून नमस्कार केला आणि काही ऐकावं लागायच्या आत पुढं सरकला. अण्णारावांनी ते बघितलं. आज त्यांना सगळंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. आदल्या रात्रीत दोन नवे लाल नंबर येऊन पडले होते. अण्णारावांनी ते तसेच ठेवले आणि वर्षाराणीला फोन लावला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. मग पाच-दहा मिनिटांनी तिचाच आला.

"हां अण्णा. सांगा, लिहून घेते."

"लिहायचं काही न्हाई," अण्णाराव म्हणाले आणि अडले. नंबर सोडून फोनवर काय बोलतात, हे त्यांना खरंच सुचेना. इकडं तिकडं बघत त्यांनी विचारलं, "भाजी काय केलीस?"

 मग वर्षाराणी सावध आवाजात म्हणाली, "तुम्ही कोण बोलालाव?"

"कोण म्हणजे? तुझा बाप!"

"आजकाल आवाज पण नकली करतेत. आपल्या जुन्या म्हशीचं नाव सांगा."

"भुरी," अण्णाराव म्हणाले. "आटली तेव्हा तू दोन दिवस जेवली न्हाईस."

मग ती हसली आणि हसता हसताच बोलायला लागली. ती गाडी शिकत होती, चारचाकी, दिवाळीपासून. लायसन्सची परीक्षा एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. सगळ्यात आधी अण्णांना सांगायचं होतं, एसटीतला माणूस, खूश होईल म्हणून. परवा मैत्रिणीची गाडी मागं घेताना फाटकाला घासली आणि मैत्रीण काहीच बोलली नाही, याचंच तिला वाईट वाटत होतं. मग बँकेतलं निघालं, मग घरमालकिणीचं. अण्णाराव "हं" म्हणत होते. तुळजाबाई दोनदा येऊन बघून गेल्या, की एवढा वेळ फोन कानाला लावून हा माणूस गप्प कसा.

एवढं सगळं अण्णारावांनी 'हं'च्या पुढं शब्द न काढता ऐकलं. मग मात्र राहवेना.

"मागं घेताना मान वळवून बघायचं," ते म्हणाले. "नुसत्या आरशावर भरवसा ठेवायचा न्हाई. परत एकदा सांगतो…"

"अण्णा," वर्षाराणी म्हणाली.

"बरं, बरं," अण्णाराव म्हणाले. "घरमालकीण काय म्हणत होती?"